एसएसडीच्या खोक्यावरचा वेग प्रत्यक्षात कसा पडताळावा

एसएसडीच्या (संगणकात माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हच्या) खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला ७,००० एमबीपर्यंत’ हा आकडा खोटा नसतो. मात्र तो नव्या, रिकाम्या ड्राइव्हवर, मोठी फाइल सलग वाचताना आणि अनेक मागण्या एकदम रांगेत लावून मोजलेला असतो. संगणक सुरू होताना किंवा प्रोग्रॅम उघडताना बहुतांशी छोटे, विखुरलेले तुकडे वाचावे लागतात आणि रांग क्वचितच लांबते.

प्रथम ड्राइव्ह कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते पाहावे. पीसीआयई (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी वाट) ४.० या आवृत्तीचा ड्राइव्ह ३.० च्या स्लॉटमध्ये बसवला, तर तो साधारण ३,५०० एमबीवरच अडतो आणि त्यात ड्राइव्हचा दोष नसतो.

मग इतर प्रोग्रॅम बंद करून क्रिस्टलडिस्कमार्क हा ड्राइव्हचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवावा. खोक्याशी ताडायची ती फक्त पहिली, सीक्वेन्शियल क्यू८टी१ (सलग वाचन-लेखन, रांगेत आठ मागण्या, एक थ्रेड म्हणजे कामाचा एकच धागा) ही ओळ. रोजच्या कामाचा अंदाज मात्र रँडम ४के क्यू१टी१ (४ केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच मागणी) या ओळीतून येतो, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी तीच वाचावी. तिथे चांगल्या एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान) ड्राइव्हचाही वाचनवेग ८० एमबीच्या आसपास दिसला, तर घाबरू नये. ८० एमबीला ४,०९६ बाइटने भागल्यास सुमारे साडेएकोणीस हजार आयओपीएस (सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या मागण्या) येतात. खोक्यावरचे दहा लाख आयओपीएस लांब रांग आणि अनेक थ्रेड लावून मिळवलेले असतात.

लेखनाची चाचणी अधिक काळजीने घ्यावी लागते. क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची फाइल १ जीबीची असते आणि ती ड्राइव्हच्या वेगवान एसएलसी कॅशमध्ये (नवे लेखन आधी तात्पुरते झेलणाऱ्या भागात) सहज मावते, त्यामुळे कॅश संपल्यावर काय होते ते कळतच नाही. त्यासाठी १०० ते २०० जीबीची फाइल तितक्याच वेगवान दुसऱ्या ड्राइव्हवरून कॉपी करावी (स्रोत संथ असेल, तर आपण त्याचाच वेग मोजत बसतो) आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतला आलेख पाहत राहावे. आलेख जिथे एकदम कोसळतो, तिथे बहुधा कॅश संपलेली असते. काही क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारे) ड्राइव्ह त्यापुढे साध्या हार्ड डिस्कच्या वेगावर येतात. ड्राइव्ह भरत जातो तशी बहुतेक ड्राइव्हमधली ही कॅश आक्रसते, म्हणून तो तीन-चतुर्थांश भरल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. मात्र प्रत्येक लेखन ड्राइव्हच्या टीबीडब्ल्यू मर्यादेत (ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्या हमीत) मोजले जाते, तेव्हा ती वारंवार करू नये.

वेग उष्णतेमुळेही घसरतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची स्थिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहावे: दीर्घ वाचनातही वेग पडत असेल आणि ड्राइव्ह थंड झाल्यावर लगेच सावरत असेल, तर कारण कॅश नसून उष्णता आहे, आणि त्यावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) बसवणे हा उपाय आहे.