डेटाबेस प्रोग्रामिंगच्या पुस्तकाची नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी?

डेटाबेस प्रोग्रामिंगचं संदर्भपुस्तक घेताना मुखपृष्ठावरचा आवृत्तीचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. सहावी आवृत्ती पाचवीपेक्षा चांगली असेलच असं नाही. तुमचा कोड ज्या सर्व्हरवर चालणार, त्याच्या व्हर्जनवरून पुस्तक ठरतं. (घोळ नको म्हणून इथे पुस्तकाची ती ‘आवृत्ती’ आणि सॉफ्टवेअरचं ते ‘व्हर्जन’.)

तेव्हा आधी सर्व्हरला विचारा. ओरॅकल या डेटाबेसवर ‘व्ही-डॉलर-व्हर्जन’ या व्ह्यूमधला बॅनर कॉलम सिलेक्ट करा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलवर ‘सिलेक्ट व्हर्जन()’, एसक्यूएल सर्व्हरवर ‘सिलेक्ट @@व्हर्जन’. डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन या तिन्ही ठिकाणी ही क्वेरी चालवा आणि त्यातलं सर्वांत जुनं व्हर्जन लिहून ठेवा. फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर बघितलंत तर फसाल. तिथलं व्हर्जन बहुधा प्रॉडक्शनच्या पुढे असतं.

एसक्यूएल सर्व्हरवर एवढ्याने भागत नाही. जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर रिस्टोअर केला की त्याची कंपॅटिबिलिटी लेव्हल (म्हणजे तो कोणत्या व्हर्जनप्रमाणे वागतो ते) सहसा जुनीच राहते. ‘सिस.डेटाबेसेस’मध्ये ती दिसते: १३० म्हणजे २०१६, १४० म्हणजे २०१७, १५० म्हणजे २०१९, १६० म्हणजे २०२२. सर्व्हर २०१९चा असला तरी लेव्हल १२० असेल, तर मजकुराचे तुकडे करणारं ‘स्ट्रिंग_स्प्लिट’ चालणार नाही, कारण त्याला किमान १३० लागते. पुस्तक बरोबर, कोड बरोबर, तरीही एरर.

व्हर्जनचे आकडे वाचतानाही जपा. ओरॅकल १२.२ नंतर थेट १८सी आलं, मधली व्हर्जन्स नाहीतच. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आणि ९.६ ही दोन वेगळी मोठी व्हर्जन्स होती, पण १० पासून पद्धत बदलली, १०.३ आणि १०.४ मध्ये फक्त दुरुस्त्यांचा फरक आहे. त्यासाठी वेगळं पुस्तक शोधायची गरज नाही.

आता पुस्तक नवं आणि सर्व्हर जुना असेल तर काय होतं? बहुतेक वेळा एरर येते, आणि ती आलेली बरी. ओरॅकल ११जीवर ‘फेच फर्स्ट १० रोज ओन्ली’ (पहिल्या दहाच ओळी द्या) लिहिलं की ओआरए-००९३३ ही एरर मिळते, कारण ही सोय १२सीपासूनची आहे. १०जीवर पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रामिंग भाषेत सिक्वेन्सचा (क्रमाने आकडे देणाऱ्या ऑब्जेक्टचा) ‘नेक्स्टव्हॅल’, म्हणजे पुढचा आकडा, थेट व्हेरिएबलला दिला तर पीएलएस-००३५७ येते. तिथे ‘ड्युअल’ या एका ओळीच्या टेबलमधून सिलेक्ट करूनच घ्यावा लागतो. अशी चूक दहा मिनिटांत सापडते.

खरी भीती एरर न येण्याची. मायएसक्यूएल ८.०.१६च्या आधीची व्हर्जन्स टेबलमधली ‘चेक’ अट निमूटपणे वाचतात आणि सोडून देतात. नव्या पुस्तकातून ‘वय शून्यापेक्षा जास्त’ ही अट ५.७वर उतरवलीत तर टेबल तयार होतं, एररही येत नाही, आणि उणे वयाच्या ओळी बिनबोभाट आत जातात. महिन्यांनी अहवालात ते उघडं पडतं.

उलट बाजू, म्हणजे जुनं पुस्तक आणि नवा सर्व्हर, तितकी वाईट नाही. जुना कोड सहसा चालतो. फक्त लांबलचक लिहायची सवय लागते. अपवाद मात्र माहीत हवेत. मायएसक्यूएल ८.०मधून क्वेरी कॅश (आधीचे निकाल साठवून ठेवणारा भाग) काढून टाकला आहे, त्यामुळे त्यावरचं अख्खं प्रकरण वाया. ५.७पर्यंत ‘ग्रुप बाय’ केलं की निकाल आपोआप क्रमाने यायचा, ८.०मध्ये तशी हमी नाही. ‘ऑर्डर बाय’ स्वतः लिहावं लागतं. ओरॅकल १८सीपासून फाइलींचं फोल्डर ठरवणारा ‘यूटीएल_फाइल_डिर’ पॅरामीटर बाद झाला. त्याच्या जागी डिरेक्टरी ऑब्जेक्ट वापरायचा.

सिंटॅक्सच्या आधी शिळा होतो तो वेगाबद्दलचा सल्ला. ‘प्रत्येक कर्सर फॉर लूप काढा आणि बल्क कलेक्ट लावा’ असं ओरॅकलची जुनी पुस्तकं ठासून सांगतात, म्हणजे एकेक ओळ आणण्याऐवजी अनेक ओळी एकदम आणा. ९आयपर्यंत ते योग्य होतं. १०जीपासून पीएल/एसक्यूएलचा ऑप्टिमायझर नेहमीच्या सेटिंगवर असा लूप एका वेळी १०० ओळी आणतो, त्यामुळे नुसत्या वाचनासाठी ती मेहनत क्वचितच लागते. लूपमध्ये एकेक ओळ अपडेट होत असेल, तर अनेक बदल एकदम पाठवणारं ‘फोरऑल’ आजही हवंच.

हातात पुस्तक आल्यावर, किंवा नमुना पानं दिसत असतील तर, सरळ शेवटची शब्दसूची उघडा. लेखकाने प्रस्तावनेत ‘अद्ययावत’ म्हटलं असेल, पण सूची खोटं बोलत नाही. ओरॅकलसाठी ‘कंपाउंड ट्रिगर’ (११जी), ‘आयडेंटिटी कॉलम’ (१२सी) आणि ‘क्वालिफाइड एक्स्प्रेशन’ (१८सी) शोधा. पोस्टग्रेससाठी ‘क्रिएट प्रोसीजर’ (११) आणि ‘मर्ज’ (१५). मायएसक्यूएलसाठी ‘विंडो फंक्शन’ (८.०). तुमच्या व्हर्जनचा शब्द सापडला, तर त्या पानावर जाऊन बघा: पूर्ण उदाहरण आहे की एका ओळीत उल्लेख उरकला आहे? उल्लेख उरकलेला असेल तर ती आवृत्ती वरवर रंगवलेली आहे.

मग हक्कांची माहिती असलेलं पान. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत होते. त्या पानावर ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३’ अशी अंकांची ओळ असेल, तर सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई, इथे तिसरी. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, पण छपाईच्या चुका बऱ्याचदा सुधारलेल्या असतात, म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींमधली नंतरच्या छपाईची घ्या. जुनं पुस्तक ऑनलाइन घेत असाल तर चित्रावर विसंबू नका, आयएसबीएन जुळवा. प्रत्येक आवृत्तीचा आयएसबीएन वेगळा असतो, कागदी आणि ई-बुकचाही वेगळा. २००७पासून तो १३ अंकी झाला. पुस्तकावर फक्त दहा अंकी असेल तर ते त्याआधीचं, म्हणजे ओरॅकलच्या बाबतीत फार तर १०जीपर्यंतचं.

नेमक्या तुमच्या व्हर्जनची आवृत्ती निघालेलीच नसेल, असंही बरेचदा होतं. मग पुढच्या व्हर्जनची आवृत्ती घ्या, पण एका अटीवर: प्रत्येक नव्या सोयीशेजारी ‘अमुक व्हर्जनपासून’ असं छापलेलं हवं. तसं नसेल तर मागची आवृत्ती घ्या आणि अधलेमधले बदल त्या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजांतल्या ‘नवीन काय’ या भागातून वाचून समासात पेन्सिलीने लिहा.