क्रिमिनल लॉ शिकायचंय? मग आधी तालुका कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा

बारावीचा निकाल लागला की नात्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, क्रिमिनल जस्टिस करायचंय, कोर्स कुठे असतो. सिरीज बघून आलेला प्रश्न असतो हे कळतं मला, पण प्रश्न चुकीचा नाहीये. आपल्याकडे या नावाची सरळ डिग्री फारशी नसते, त्यामुळे आधी बसायचंय कुठे ते ठरवा. लॅबमध्ये बसायचं असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक सायन्सच्या संस्था आहेत, तिथे सायन्सवाल्यांनी बघावं. तुरुंगातली माणसं, त्यांची कुटुंबं, बालगुन्हेगार अशा कामात जायचं असेल तर टिसचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, समाजकार्यातलं एमए आहे, त्यात क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस. आणि वकील, सरकारी वकील, न्यायाधीश यातलं काही व्हायचं असेल तर एलएलबी, बारावीनंतर पाच वर्षं किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन, त्यासाठी सीईटी सेलची लॉ सीईटी, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. मी एलएलबीवाला आहे, पुढचं सगळं त्याबद्दलच.

पहिला गोंधळ कायद्यांचा होतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स अॅक्ट गेले आणि त्याच क्रमाने बीएनएस (भारतीय न्याय संहिता, गुन्हे आणि शिक्षा), बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तपास आणि खटल्याची पद्धत), बीएसए (भारतीय साक्ष्य अधिनियम, पुराव्याचे नियम) आले. ५११ कलमांची आयपीसी ३५८ कलमांच्या बीएनएसमध्ये बसवली, सगळे नंबर हलले, खून ३०२ चा १०३ झाला, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). पण म्हणून सीनियरची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका हं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर त्याला आजही आयपीसीच लागते, आणि असे खटले अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत. साधी दोनशेपानी वही घ्या, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, वर्गात जे येईल तेवढंच भरत जा, तयार चार्ट डाउनलोड करून काही लक्षात राहत नाही, मी करून बघितलंय.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण बीएनएसपासून सुरू करतात कारण त्यात खून दरोडा असतो, वाचायला मजा येते, आणि बीएनएसएस परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काढतात. उलटं करा. बीएनएसएस कॅलेंडरसारखी वाचा. समजा बाइक चोरीला गेली. कलम १७३ खाली एफआयआर, ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही. पहिल्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, म्हणजे सात वर्षांच्या आतला गुन्हा, मग उठसूट अटक नाही, आधी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमारचा २०१४ चा निकाल इथे वाचायचा. अटक केलीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. तिथे पोलीस कोठडी मागतात, कोर्टात तिला पीसीआर म्हणतात, आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर. ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर सुटणं हा त्याचा हक्कच, दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवस. कलम १८७ एवढ्यासाठी चार वेळा वाचा. जुन्या कायद्यात पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, आता दिवस तेच पंधरा पण तुकड्या तुकड्यांनी, मुदत ६० ची की ९० ची त्याप्रमाणे, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येते, आणि हा फरक तोंडीला हमखास विचारतात. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, एक तारीख धरा आणि पेनाने दिवस मोजा, खरंच सांगतोय, एका संध्याकाळी डोक्यात बसतं.

मग कोर्ट. बार कौन्सिलच्या नियमानुसार मूट कोर्टच्या (लुटुपुटूच्या खटल्याच्या) पेपरात दोन खटले प्रत्यक्ष बघायचे असतात, एक दिवाणी एक फौजदारी, त्याचे ३० मार्क. आमच्या वर्गात निम्म्यांनी सीनियरचं जर्नल उतरवलं, मीपण पहिलं तेच केलं, सरांनी न वाचता सही केली आणि विषय संपला. नंतर लाज वाटली म्हणून एका तालुक्याच्या जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या, कोर्टात गेलो, आणि त्या एका दिवसात सेमिस्टरभर कळलं नव्हतं ते कळलं.

चोरीचीच केस होती. पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी हजर ठेवलेला माणूस, साक्षीला उभा, हातात पिशवी, बहुधा बाजार करून तसाच आलेला. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला, सही तुमचीच का, तर हो. तुमच्यासमोर काय जप्त केलं, तर म्हणे माझ्यासमोर काय नाय झालं साहेब, स्टेशनला बोलावलं, सही कर म्हणले, केली. झाला फितूर. मला वाटलं केस गेली. पण सरकारी वकिलांनी शांतपणे कोर्टाची परवानगी मागितली आणि आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायला लागले, हे बीएसएचं कलम १५७, पूर्वीचं १५४. पंच फक्त "नाय" म्हणत होता आणि न्यायाधीश साहेब स्टेनोला सांगत होते, "हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीला वाचवण्यासाठी खोटी साक्ष देत आहे." त्या एका "नाय"चं केवढं मोठं वाक्य झालं! आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची साक्ष सगळी पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट वापरू शकतं, हे मी जेवणाच्या सुट्टीत एका ज्युनियर वकिलाकडून ऐकलं आणि मग पुस्तकात शोधलं.

कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, घाबरू नका, पोक्सो किंवा बलात्काराची केस असेल तर मात्र बाहेर जायला सांगतात, मुकाट्याने जायचं. मोबाइल बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही, वकिलांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही. दारावर बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, लावलेला असतो त्यात पुराव्याच्या स्टेजला असलेली केस शोधा, बाकी नुसत्या तारखा पडतात. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाका, पुढची तारीख कळते. तीच केस निकालापर्यंत धरून ठेवा, दहा केसेस अर्धवट बघून काही मिळत नाही.

ओळखीच्या वकिलाकडे जुनं, निकाल लागलेलं चार्जशीट वाचायला मिळालं तर सोनं. नावगाव बाहेर कुणाला सांगायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. त्यात मेमोरंडम पंचनामा असतो, म्हणजे आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली त्याची नोंद, जुने वकील त्याला एव्हिडन्स अॅक्टच्या कलमावरून अजून सत्तावीसचा पंचनामा म्हणतात, आता ते बीएसएच्या कलम २३ चं परंतुक आहे. तो समोर ठेवून पेन्सिल घ्या. "मी ज्या चाकूने मारलं तो विहिरीजवळ लपवलाय, चला दाखवतो" असं आरोपीने पोलिसांना सांगितलं आणि चाकू खरंच तिथे सापडला, तर पुराव्यात काय येतं? लपवल्याची जागा आणि ती त्याला माहीत होती एवढंच. "ज्याने मारलं" हे येत नाही. पुलुकुरी कोट्टय्याच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, हेच सांगितलं आणि अजून तेच चालतं. जे येत नाही ते खोडत जा. पाच पंचनामे असे खोडलेत की या विषयावरचा प्रश्न झोपेतपण लिहाल.

निकालपत्र वाचताना पहिल्या पानापासून नका वाचू. खालच्या कोर्टाच्या मराठी निकालात मुद्दे आणि निष्कर्ष असा छोटा तक्ता असतो, तो आधी बघा, मग मागे जाऊन प्रत्येक मुद्द्याचं कारण शोधा. आणि इंग्लिश मीडियमवाल्यांनी फिर्यादी, मुद्देमाल, सरतपासणी, जातमुचलका हे शब्द पाठच करा, तालुक्यात साक्ष मराठीत होते, तिथे डिक्शनरी काढायला वेळ मिळत नाही.

जाताना डबा न्या, आणि पेन दोन, एक कुणीतरी मागतंच आणि परत देत नाही.