हिब्रू अक्षरांतली चित्रं वाचताय? या चुका टाळा

आलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर, योद म्हणजे हात. इथपर्यंत बरोबर आहे. गडबड पुढच्या पायरीला होते. बायबलमधला एखादा शब्द घ्यायचा, अक्षरं सुटी करायची, प्रत्येकाखाली एक चित्र मांडायचं, चित्रांची माळ ओवून वाक्य करायचं आणि 'मूळ हिब्रूत हा गूढ अर्थ दडलेला आहे' असं सांगून पुढे पाठवायचं. 22 अक्षरांचा तक्ता एका संध्याकाळी पाठ होतो, व्याकरणाला वर्षं लागतात. म्हणून नवशिके तक्ताच उचलतात. आपल्याकडे 'भगवान'ची भूमी, गगन, वायू, अग्नी, नीर अशी फोड फिरते, तसाच हा प्रकार. ऐकायला गोड असतो, पण त्यातून शब्दाची घडण कळत नाही.

चित्र आवाजासाठी होतं, अर्थासाठी नव्हे

बाकी बहुतेक चुका इथूनच निघतात, म्हणून हे सावकाश बघा. सिनाईत सेराबित अल-खादिम इथे फिरोजाच्या खाणी होत्या आणि शेजारी हाथोर या इजिप्शियन देवीचं मंदिर. 1905 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या मोहिमेला तिथे एक छोटा दगडी स्फिंक्स मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्यावर इजिप्शियन लिपीत 'हाथोरला प्रिय' असा मजकूर आहे, आणि शिवाय काही अनोळखी चित्रं आहेत. तिथल्या लेखांत चार चित्रं त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत होती: घर, डोळा, बैल हाकायची पराणी आणि फुली.

1916 मध्ये इजिप्तचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी या चित्रांची सेमिटिक (हिब्रू, अरबी ज्या भाषाकुळातल्या, त्यातली) नावं घेतली आणि प्रत्येक नावाचा फक्त पहिला ध्वनी धरला. बेतचा ब, आयिनचा घशातला अ, लामेदचा ल, तावचा त. शब्द झाला 'बअलत', म्हणजे स्वामिनी. हाथोरला तिथले सेमिटिक लोक याच नावाने हाक मारत. इजिप्शियन मजकूर आणि हा शब्द एकमेकांना जुळले, म्हणून लिपी उलगडू लागली.

आता त्याच शब्दावर तक्ता चालवा. घर, डोळा, पराणी, फुली. यातून हाथोर निघत नाही, देवी निघत नाही, स्वामिनीही निघत नाही. अक्षरं खरोखरच चित्रं होती त्या काळातसुद्धा चित्रांचा अर्थ जोडून वाचलं तर हाती काही लागत नाही. मग पुढे हजारेक वर्षांनी, चित्रं झिजून नुसत्या रेघा उरल्यावर लिहिलेल्या मजकुरात ते अर्थ कुठून येणार?

याच शब्दातला शेवटचा ताव काढा. 'बअल' उरतो. घर, डोळा आणि पराणी घेतलेला गुराखी. तक्तावाल्यांच्या पद्धतीने याचं 'घरावर नजर ठेवणारा मेंढपाळ' असं सुरेख वाक्य होतं. संदेष्टे ज्या दैवताविरुद्ध आयुष्यभर बोलले, त्याचं नाव हेच. जी पद्धत परमेश्वराचं आणि बआलाचं सारखंच गौरवगान करते, ती अर्थ शोधत नाही, वाचणाऱ्याच्या मनातलंच परत देते. त्यामुळे कोणीही तक्ता पुढे केला की तो आधी नावडत्या शब्दावर चालवून बघायचा. आवडत्या शब्दावर प्रत्येक तक्ता चालतो.

शब्द लिपीपेक्षा जुना असतो, हे विसरणं

'आव' म्हणजे वडील: आलेफ-बेत, बैल आणि घर, म्हणून 'घराचा बलवान आधार'. 'एम' म्हणजे आई: बैल आणि पाणी, म्हणून 'बळकट पाणी', म्हणून डिंक, म्हणून घर जोडून ठेवणारी. फार पसरलेली उदाहरणं आहेत ही. पण प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत वडिलांना 'अबु' आणि आईला 'उम्मु' म्हणत, आणि 'अबु' हा शब्द इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरात लिहिलेला सापडतो. तेव्हा आलेफ-बेत जन्मालाही आले नव्हते. अरबीत आजही 'अब' आणि 'उम्म' आहेत. बैलाचं चित्र या शब्दांना फार उशिरा भेटलं.

परमेश्वराचं नाव: 'पाहा हात, पाहा खिळा'

योद-हे-वाव-हे या चार अक्षरांचं हे वाचन सर्वांत जास्त फिरतं. तक्त्यात 'हे' म्हणजे पाहा आणि वाव म्हणजे खिळा, म्हणून नावात वधस्तंभावरचा ख्रिस्त दिसतो. श्रद्धेने पाठवलं जातं, म्हणून त्याला हात लावायला लोक कचरतात. ते श्रद्धेचं आहे म्हणूनच काटेकोर तपासायला हवं.

आधी वाव. हा शब्द बायबलमध्ये निर्गमात, निवासमंडपाच्या वर्णनात येतो (27:10), आणि तिथे तो खांबांवरचे चांदीचे आकडे दाखवतो, पडदे अडकवायचे. हिब्रूत खिळ्याला मस्मेर हा वेगळा शब्द आहे. मग 'हे' हे अक्षर. त्याचं जुनं चित्र हात वर केलेल्या माणसाचं. 'पाहा' हा अर्थ उत्पत्ती 47:23 मधल्या 'हे' या उद्गारावरून ओढून आणला आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न स्पेलिंगचा. मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखात (सुमारे इ.स.पू. 840) चारही अक्षरं आहेत. पण इजिप्तमधल्या एलेफंटिनी बेटावरचे यहुदी इ.स.पू. पाचव्या शतकात हेच नाव योद-हे-वाव असं तीन अक्षरांत लिहीत. उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इथल्या खापरांवरच्या माणसांच्या नावांत शेवटी नुसतं योद-वाव येतं. 'हालेलुया'त योद-हे. संदेश चित्रांत असता तर एलेफंटिनीच्या यहुद्यांनी एक 'पाहा' गाळला, असं म्हणावं लागेल. शिवाय निर्गम 3:14 मध्ये या नावाचा उलगडा मजकूर स्वतःच करतो, तोही 'असणे' या क्रियापदावरून.

लहान, पण रोज दिसणाऱ्या चुका

धातू (शब्दाचं मूळ) न बघणं. 'एमेत' (सत्य) मध्ये आलेफ-मेम-ताव दिसतात, पण धातू आलेफ-मेम-नून आहे, 'आमेन'चाच. नून तावात विरघळला. 'बत' (मुलगी) मधलाही नून असाच गेला. अरबी 'बिन्त'मध्ये तो शाबूत आहे. चित्रं मोजणाऱ्याला हा नून दिसतच नाही.

स्वरदर्शक अक्षरांना चित्र मानणं. दावीद हे नाव शमुवेलाच्या पुस्तकांत साधारणपणे तीन अक्षरी आहे, इतिहासाच्या पुस्तकांत चार अक्षरी, मध्ये एक योद जास्त. राजाला नवा हात फुटला नाही, लिहिण्याची रीत बदलली.

एका अक्षराचा एकच ध्वनी धरणं. आयिन दोन ध्वनींसाठी लिहिलं जाई, युगारित या सीरियातल्या प्राचीन शहराच्या लिपीत त्यांना दोन वेगळी चिन्हं आहेत. गाझा आणि गमोरा हिब्रूत आयिनने सुरू होतात. ग्रीक भाषांतरात त्यांचा ग झाला, कारण तो दुसरा ध्वनी होता. त्यात डोळा शोधू नका.

तक्ता पक्का समजणं. शिन तक्त्यात दात असतो, जुन्या चिन्हात बहुधा धनुष्य. नून तक्त्यात अंकुर किंवा मासा, जुन्या लेखांत साप.

आजच्या चौकोनी हिब्रू अक्षरांत चित्रं बघणं. ही वळणं अरामी लिपीची आहेत, यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर रुळलेली.

फोटोवरून वाचणं. म्युन्स्टरचे हुबर्ट ग्रिम यांनी 1920च्या दशकात सिनाईच्या लेखांत मोशेचं नाव वाचलं. इतर अभ्यासकांना तिथे अक्षरांऐवजी दगडाचे ओरखडे आणि भेगा दिसल्या. घाई विद्वानालाही भोवते.

तपासायची सवय

शब्द मिळाला की आधी धातू. ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हा हिब्रू-इंग्रजी कोश धातूंप्रमाणे लावलेला आहे, त्यात 'एमेत' थेट 'आमन'खाली सापडतो. मग अरबी, अक्कादी, युगारिती भाऊबंद शब्द. मग शिलालेखांतलं स्पेलिंग: यरुशलेमच्या शिलोह बोगद्यातल्या लेखात 'ईश' (माणूस) योदशिवाय आहे. शेवटी तो शब्द येतो ती सगळी वचनं. कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही.

यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद, त्यामध्ये (शब्बात 104अ) मुलं आलेफ-बेतवरून 'शहाणपण शिक' आणि गिमेल-दालेतवरून 'गरिबांचं भलं कर' असं सांगतात. ती शिकवण आहे, व्युत्पत्तीचा दावा नाही. तशीच वाचावी.

अक्षरांचे खरे खेळ हवे असतील तर ते बायबलमध्ये उघड्यावर आहेत. स्तोत्र 119 मध्ये 22 अक्षरांना प्रत्येकी आठ, अशी 176 वचनं आहेत. यिर्मया 25:26 मधला 'शेशख' म्हणजे बाबेल: पहिल्या अक्षराऐवजी शेवटचं, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरं, या हिशेबाने बेतचा शिन आणि लामेदचा काफ होतो. आणि यहेज्केल 9:4 मध्ये शोक करणाऱ्यांच्या कपाळावर जी खूण करायला सांगितली आहे, तिच्यासाठी शब्दच 'ताव' आहे. तेव्हाच्या लिपीत ताव फुलीसारखा लिहीत.