रेझिन ओतण्याआधी: भेगाळ लाकडाच्या वाडग्याची तयारी

लाकडाच्या भेगांत इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं द्रव) ओतायचं आणि तो ठोकळा लेथवर फिरवून वाडगा कोरायचा, त्याची ही तयारी. बडोद्यात भेगाळ लाकूड शोधायला लांब जावं लागत नाही. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार या भागातलं जुनं घर उतरवलं की त्याच्या सागवानी तुळया विकायला निघतात. खिळ्यांची भोकं, सांध्याच्या खाचा, उभ्या चिरा, सगळं आयतं मिळतं आणि लाकूडही कधीचं वाळलेलं असतं. फक्त आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे काढा. एक राहिला तरी गाऊजची (लेथवर लाकूड कोरायच्या पन्हळी छिन्नीची) धार गेली. पावसात उन्मळलेला कडुनिंब, आंबा किंवा चिंचही चालते, पण भुंगेरा (लाकूड पोखरणारा किडा) तपासा. छिद्रांतून ताजं पीठ गळत असेल तर किडा जिवंत आहे. ठोकळा गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं राहिला की तो मरतो.

सगळ्यात जास्त वेळ ओलाव्याला द्या. ओलावा मोजायच्या मीटरवर 10 टक्क्यांच्या आसपास हवं, 12च्या वर असेल तर ओतू नका. मीटर नसेल तर आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून ठोकळ्यावरच लिहा. सलग तीन वेळा आकडा हलला नाही की वाळलं. यात एक गोम आहे. ऑगस्टमध्ये स्थिरावलेलं वजन फसवं असतं. लाकूड तेव्हा फक्त दमट हवेशी जुळलेलं असतं, कोरडं झालेलं नसतं. असा ठोकळा रेझिनमध्ये फसफसतो, आणि त्यातून सुटला तरी पुढच्या मे महिन्यात आकसतो. रेझिन त्याच्याबरोबर आकसत नाही, मग नेमकी जोडावर रेघ उघडते. म्हणून लाकूड एप्रिल-मेमध्ये वाळवा, पहिल्या पावसाआधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा आणि दिवाळीनंतर काढून पुन्हा तपासा. ओतायला हेच दिवस बरे. उन्हाळ्यात नको, कारण तापमान दहा अंशांनी चढलं की रेझिन हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. उत्तरायणाच्या सुमारास उलट अडचण: गारठ्यात रेझिन घट्ट होतं, बुडबुडे वर येत नाहीत. तेव्हा बंद बाटल्या कोमट पाण्यात ठेवून घ्या.

साल पूर्ण काढा, कितीही देखणी दिसली तरी. ती लाकडाला धरून राहत नाही, रेझिन सालीला चिकटतं आणि साल लाकडावरून सुटते. बोटाने दबणारा कुजका भाग टोच्याने कोरा, तारेच्या ब्रशने घासा, हवेने फुंकून घ्या. मग पोकळीच्या भिंतींना बिनरंगाच्या रेझिनचा पातळ हात द्या. हे टाळलं तर लाकडाच्या छिद्रांतली हवा तासन् तास बाहेर येत राहते. ठोकळा आधी कोमट करून तो निवत असताना हा हात दिला तर आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला लागणार नाही, इतपत झालं की मुख्य ओतकाम.

साचा सनमायका लावलेल्या प्लायचा करा. आतून पॅकिंग टेप, कोपऱ्यांना सिलिकॉन. ठोकळा तळाशी स्क्रूने धरून ठेवा, नाहीतर तरंगतो. किती रेझिन लागेल ते बाजरीने मोजा: ठोकळ्यावर पातळ प्लास्टिक पसरून साच्यात ठेवा, मोकळ्या जागेत बाजरी भरा आणि ती मापात ओता. 650 मिली भरली तर रेझिन साधारण 715 ग्रॅम; गळती-शोषणासाठी दहा टक्के वाढवून 790 धरा.

रेझिन ‘डीप पोर’ (खोल ओतायच्या) प्रकारचं घ्या. टेबलावर पातळ थर द्यायचं रेझिन खोल ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेने पिवळं पडतं, तडकतं, धूरही निघतो. स्वस्त पॉलिएस्टर गाऊजखाली टवके देतं. डब्यावर रेझिन आणि हार्डनरचं 2:1 प्रमाण मापाने लिहिलं असेल तर काट्यावर 2:1 करू नका. हार्डनर हलका असतो, वजनाचं प्रमाण वेगळं पाहा. चार-पाच मिनिटं सावकाश ढवळा, कडा खरवडा, दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. रंगासाठी मायका पावडर (अभ्रकाची चमकदार पूड) वजनाच्या एक-दोन टक्के पुरते. पाण्यात कालवलेला रंग कधीच नको. संथ रेझिनमध्ये मायका तळाशी बसतो, म्हणून घट्ट व्हायला लागल्यावर काडीने एकदा हलवा. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाने बुडबुडे बारीक करणारं बंद भांडं) असेल तर दाब 40 ते 60 पीएसआय. स्वयंपाकघरातल्या कुकरला हे काम लावू नका, तो 15 पीएसआयच्या आसपासचा असतो. नायट्राइल हातमोजे हवेतच, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

थोडं रेझिन कागदी कपात वेगळं ठेवा. सात दिवसांनी त्यावर नख उमटलं तर ठोकळ्याला हात लावू नका. कच्चं रेझिन काचपेपरला माखतं.

लेथसाठी फेसप्लेटचे (ठोकळा लेथला जोडणाऱ्या तबकडीचे) स्क्रू निरोगी लाकडात बसतील अशी जागा आधीच आखून ठेवा. चकच्या (लेथच्या पकडणाऱ्या जबड्याच्या) पकडीसाठीची कडीही भेगेवर येऊ देऊ नका. रेझिन सागापेक्षा बरंच जड, तेव्हा ठोकळा एका बाजूला ओढणारच: आठ इंची ठोकळ्याला सुरुवात मिनिटाला 500-600 फेऱ्यांनी करा. गाऊज ताजा धार लावलेला, रेझिनवर शेवटचा हात निगेटिव्ह रेक स्क्रेपरचा (खाली झुकत्या धारेने हलकं खरवडणाऱ्या हत्याराचा). काचपेपर 120 नंबरपासून 400पर्यंत, पुढे फक्त रेझिनसाठी 2000पर्यंत, आणि कमी वेगात. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी 50-60 अंशांना मऊ पडू लागतं. याच कारणाने गुजरातमधल्या संखेड्याच्या खरादींसारखी (लाखेचं लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांसारखी) फिरत्या लाकडावर लाखेची कांडी इथे चालत नाही, घर्षणाच्या उष्णतेशिवाय लाख वितळत नाही. तेल किंवा हार्डवॅक्स (लाकडाला लावायचं तेल-मेणाचं मिश्रण) फडक्याने लावा आणि रेझिनवरून लगेच पुसून घ्या, तिथे ते मुरत नाही, चिकट थर राहतो. वाडगा देताना सांगा: सुका मेवा, फळं चालतील, गरम वरण नाही.