वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस नोंद करताना

घरातील कर्ता माणूस गेल्यावर जमिनीच्या कागदांचा विषय काढणे कोणालाच बरे वाटत नाही, आणि म्हणून अनेक कुटुंबांत मयत व्यक्तीचे नाव वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर तसेच राहते. पुढे पीककर्ज काढताना किंवा भूसंपादनाचा मोबदला घेताना अडचण उभी राहते, आणि तोपर्यंत एका नावाच्या जागी दोन पिढ्यांचे वारस झालेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. मुदत उलटली म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. त्यानंतर जमिनीचे सर्व गट नंबर व खाते क्रमांक, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते लिहून, वारसांबाबतच्या प्रतिज्ञापत्रासह अर्ज तलाठी कार्यालयात द्यावा. शासनाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही तो करता येतो. मयताची जमीन दुसऱ्या गावातही असेल, तर तेथे स्वतंत्र अर्ज लागतो. नोंदणीकृत मृत्युपत्र असल्यास ते अर्जासोबत आधीच द्यावे, नंतर काढू नये.

खरी चूक होते ती वारसांच्या यादीत. हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो आणि त्यानुसार पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि हयात असल्यास त्याची आईसुद्धा येते. स्वकष्टार्जित जमिनीचा मालक मृत्युपत्र न करता वारला आणि मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा एकपंचमांश होतो. आधीच वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या पत्नी व मुलांकडे जातो. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब वेगळा पडतो, परंतु तेथेही मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतःच सहदायाद, म्हणजे त्या जमिनीची हिस्सेदार, असते. मुलींना हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

तरीही "बहिणींची लग्ने झाली, त्यांचे नाव कशाला" असे म्हणून यादी आखडती घेतली जाते. हे कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण भावांच्याही हिताचे नाही, कारण अपुऱ्या यादीवर उभा राहिलेला व्यवहार पुढे न्यायालयात जातो. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल, तर आधी तिचे नाव लागू द्यावे आणि मग तिने दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तलाठ्यापुढे तोंडी सांगितलेल्या किंवा साध्या कागदावर लिहिलेल्या संमतीने हक्क सुटत नाही. बहिणींनीही सुतकाच्या दिवसांत, नात्याच्या भिडेपोटी, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. हक्क सोडण्याला कायद्याने कोणतीही घाई ठरवून दिलेली नाही.

अर्ज पोहोचल्यावर तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे हक्कबदलांच्या वहीत, नोंद धरतो आणि हितसंबंधितांना नोटीस काढतो. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लेखी हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती वारसा कायद्याने आधीच ठरलेली असते. म्हणून नोंद चुकली तरी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला राहतो. गावठाणातील किंवा शहरातील घराला मिळकत पत्रिका असेल, तर अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडे करावा.

नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून प्रत्येक नाव ओळीने वाचावे. मुली व विधवा पत्नी यांची नावे कब्जेदार (जमीनधारक) सदरात न लावता "इतर हक्क" या रकान्यात टाकल्याचे जुन्या उताऱ्यांवर आजही दिसते. तसे आढळल्यास फेरफाराची प्रत काढून, त्यातील वारसांची यादी आणि उतारा यांतील फरक दाखवून, तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.