कापसाची ट्रॉली जिनिंगपर्यंत सुखरूप कशी न्यावी

दिवाळी सरली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या गावांतल्या जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांकडे, जाणाऱ्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. भरलेली ट्रॉली ओढायला कसब लागत नाही. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा कुठलाही धड ट्रॅक्टर ती ओढतो. कसब लागतं ती थांबवताना.

हिशेब साधा आहे. ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यात साठ क्विंटल सोयाबीन भरलं तर नुसता माल सहा टन, ट्रॉलीचं लोखंड वेगळं. म्हणजे दोन टनांच्या यंत्राने मागून रेटणारे सात-आठ टन थोपवायचे. कापूस वजनाला हलका, पण उंचीला अडचणीचा. सोयाबीनची ट्रॉली थांबत नाही आणि कापसाची ट्रॉली कलंडते, हे लक्षात ठेवून भरायला आणि चालवायला घ्या.

आदल्या संध्याकाळी

वर्षातले बरेच महिने ट्रॉली गोठ्याशेजारी उन्हापावसात उभी असते, म्हणून आधी टायर बघा. बाजूच्या भिंतीला तडे गेले असतील तर वरची नक्षी कितीही चांगली दिसो, तो टायर भरल्या मालाखाली फुटतो. हवा टायरवर छापलेल्या आकड्याप्रमाणे आणि दोन्ही बाजूंना सारखी भरा. एका चाकात हवा कमी असली की उंच भरलेला कापूस त्या बाजूला झुकतो आणि पहिल्याच खड्ड्यात आणखी झुकतो.

चाकाचे नट पान्याने आवळा. मग जॅक लावून चाक उचला, वरून-खालून धरून हलवून बघा. खेळ जाणवला किंवा फिरवताना करकर आवाज आला तर बेअरिंग गेलं समजा. अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधलं एखादं पान तुटलंय का तेही बघा. दुसऱ्या दिवशी निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवर थांबून चाकाच्या मधल्या भागाला हात लावायचा. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर ती ट्रॉली पुढे न्यायची नाही.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन पॅडल वावरात वेगवेगळे वापरतात. रस्त्यावर ते लॅचने एकत्र जोडलेच पाहिजेत. भरल्या ट्रॉलीसह एकच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. लॅच लावून रिकाम्या रस्त्यावर हळूच ब्रेक दाबून बघा. एका अंगाला ओढत असेल तर मिस्त्रीकडे जाऊन दोन्ही ब्रेक सारखे करून घ्या. याला तासभर लागतो, आणि नेमका याच तासाचा कंटाळा केला जातो.

हूक आणि पिन

ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागे घेणारा एक आणि पिन टाकणारा दुसरा असेल, तर ट्रॅक्टर पूर्ण थांबून न्यूट्रल होऊन ब्रेक लागेपर्यंत पिनवाल्याने मधे शिरायचं नाही. क्लचवरून पाय सटकला की मधल्या माणसाला निसटायला जागा नसते.

पिन हुकाच्या भोकाच्या मापाची हवी. सळईचा तुकडा, जुना बोल्ट, कुळवाचा खिळा असले प्रकार चालत नाहीत. पिनच्या खाली क्लिप हवीच, कारण पांदणीच्या दणक्यांनी पिन वर सरकते. शिवाय ट्रॉलीची दांडी आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी मजबूत साखळी लावा. ती दांडीखालून फुलीसारखी घ्यायची आणि वळताना ताणणार नाही इतकीच सैल ठेवायची. पिन निघालीच तर दांडी साखळीवर पेलली जाते, जमिनीत रुतत नाही.

ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच. रुतलेली ट्रॉली किंवा दुसऱ्याचा ट्रॅक्टर काढताना काही जण साखळी वर, टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) जागी अडकवतात. हे जीवघेणं आहे. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून बसली की पुढची चाकं उचलतात, आणि ट्रॅक्टर सेकंद-दीड सेकंदात मागे उलटतो. तेवढ्या वेळात क्लच दाबायचं सुचतही नाही.

भरताना

दोनचाकी ट्रॉलीत वजन अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे हवं, म्हणजे थोडा भार दांडीवर आणि तिथून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्या चाकांची पकड वाढते, ब्रेकही नीट लागतात. सगळा माल मागे ढकलला तर दांडी वर उचलू पाहते, मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटी हलवत चालते. फारच पुढे भरला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. गोठ्यातून रस्त्यापर्यंतच्या वीस पावलांतच हे कळतं. स्टिअरिंग हलकं वाटलं तर तिथेच थांबून माल मागे सरकवा. चारचाकी ट्रॉलीत दांडीवर भार नसतो, तिथे माल सगळीकडे सारखा पसरा. मात्र तिचं पुढचं चाक काटकोनात वळलं की ती पटकन कलंडते.

कापूस तुडवून भरतात ते बरोबर, पण मधे खोलगट आणि कडेला उंच असा भरू नका. फाळक्याच्या (ट्रॉलीच्या कडेच्या भिंतीच्या) वर जेवढा ढीग जाईल तेवढा तो कडेपेक्षा मध्याकडे निमुळता करा. बाजूला लोंबणारा कापूस आरसा झाकतो, शिवाय समोरून येणाऱ्याला अर्धा रस्ताच उरतो. ताडपत्री टाकून दोरखंड आडवे-उभे दोन्ही बांधा. कापूस दबत जातो, म्हणून थोडं अंतर गेल्यावर दोर पुन्हा आवळावे लागतात. दव पडलेला ओला कापूस भरू नका. तो जड होतो आणि सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपुढचा ओलावा घेत नाहीत, म्हणजे ट्रॉली परत आणायची वेळ येते.

आता वर बघा. ११ केव्हीची तार रस्ता ओलांडताना किमान ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे, पण वावरातल्या झोळ पडलेल्या तारा तो नियम वाचून लोंबत नाहीत. ढिगावर बसलेल्या माणसाने हाताने किंवा काठीने तार उचलायची आणि खालून ट्रॉली काढायची, हा प्रकार अजून चालतो. तो बंद करा. दुसरी वाट नसेल तर कापूस कमी भरा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला तार चिकटलीच तर चालकाने सीटवरच बसून राहावं, बाकीच्यांना लांब ठेवावं आणि वीज बंद करायला लावावी. पेट घेतला म्हणून उतरावंच लागलं, तर पायऱ्यांनी उतरू नका. दोन्ही पाय जोडून बाहेर उडी टाका आणि पाय जवळ ठेवत लहान पावलांनी लांब जा. एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीला असं एक क्षणही होता कामा नये.

माणसं कुठे बसणार

ट्रॅक्टरवर चालक, बाकी कोणी नाही. मडगार्डवर बसलेला मुलगा मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो. वेचणीच्या बायांना संध्याकाळी कापसाच्या ढिगावर बसवून गावात आणणं ही रोजची गोष्ट झाली आहे, आणि ट्रॉली कलंडली की खाली त्याच सापडतात. त्यांच्यासाठी ऑटो सांगा, किंवा आधी त्यांना पोहोचवून मग कापूस न्या. शेतीसाठी काढलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यात साधारणपणे ट्रॉलीतल्या माणसांचा समावेश नसतो. भरपाईचा दावा लागला तर तो मालकाच्या वावरावर येतो. जिनिंगवर हमाल मिळतात, घरून माणसं न्यायची गरजच नसते.

पांदण, नाला, उतार

काळ्या मातीची पांदण ओली असेल तर चिखल टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत होतं. जागेवर चाक फिरवत राहिलं की ते खोल जातं. थांबा, चाकापुढचा चिखल फावड्याने काढा, पऱ्हाट्या किंवा दगड टाका, सरळ रेषेत डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं सारखी फिरवणारा खटका) लावून हळू निघा. वळायच्या आत लॉक काढा, नाहीतर स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. एवढ्यानेही निघत नसेल तर माल उतरवा.

विदर्भ सपाट वाटतो, पण नाल्यांच्या रपट्यांकडे उतरणारे रस्ते पुरेसे उभे असतात. चिखलदऱ्याकडचा घाट तर वेगळाच. उतार लागायच्या आधी, वर असतानाच गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं आणि मधेच क्लच दाबणं ही दोन्ही कामं उतारावर बंद. इंजिनाची रोख सुटली की ट्रॉली ट्रॅक्टरला रेटू लागते, आणि तेव्हा करकचून ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॅक्टर फोर व्हील असेल तर उताराला ते चालू ठेवा, म्हणजे पुढची चाकंही रोखायला लागतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि त्याच्या कडा दिसत नसतील तर पलीकडे जिनिंग दिसत असली तरी थांबा.

डांबरी रस्त्यावर

ताशी २० किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जातो. समोर गाय आली हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागल्यावर कापलं जाणारं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. नवे ट्रॅक्टर तिशीच्या पुढे सहज पळतात, पण ट्रॉली थांबवायची ताकद त्यासोबत वाढलेली नाही. भरल्या ट्रॉलीला वीसच्या आसपास ठेवा, फाट्यावर आणि गावात त्याहून कमी. वळताना ट्रॉली आतून कापते, त्यामुळे ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन मग वळवा. जिनिंगच्या फाटकाचे खांब याच कारणाने वाकलेले असतात.

अंधार पडल्यावर ट्रॉलीचा सर्वात मोठा धोका मागून येणाऱ्या मोटरसायकलला असतो. विनादिव्याची काळपट ट्रॉली तिच्या हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसते. मागे बांधलेलं लाल फडकं दिवसा ठीक आहे, रात्री त्याचा काही उपयोग नाही. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी अशी चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून वायर ओढून मागचे दिवे आणि इंडिकेटर चालू करा. पट्टीवरचा चिखल निघण्याआधी पुसा, आणि ताडपत्रीचं टोक तिच्यावर लोंबत नाही ना ते बघा.

टायर पंक्चर झालं तर शक्यतो डांबरावरून पूर्ण खाली उतरून थांबा, दिवे चालू ठेवा, चाकांना दगड लावा. निघताना मात्र ते दगड उचलून कडेला फेका. रस्त्यात मागे राहिलेल्या अशा दगडांवर रात्री दुचाकीवाले पडतात. जिनिंगसमोरच्या रांगेतही हेच करा, आणि ट्रॉलीखाली सावलीला किंवा थंडीला कोणी झोपू देऊ नका.

फाटकाच्या आत आणि परत

वजनकाट्यावर ट्रॉली मागे घ्यावी लागते. दोनचाकी ट्रॉली मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. ज्या दिशेला हात न्याल त्या दिशेला ट्रॉलीची शेपटी जाते. थोडंच फिरवा, लगेच सरळ करा. दांडी आणि ट्रॅक्टर यांचा कोन कमी होऊ लागला की पुढे घेऊन पुन्हा सुरू करा. चारचाकी ट्रॉलीला दोन ठिकाणी वळण असतं, ती मागे घ्यायला सरावलेलाच माणूस लागतो. शक्य असेल तर फिरवून घ्या. टिपर (उचलून माल ओतणारी ट्रॉली) उचलायचा असेल तर जमीन सपाट आहे आणि वर तार नाही हे बघून, मागचा फाळका उघडूनच उचला.

परतीला ट्रॉली रिकामी, खिशात विक्रीची पट्टी, आणि घरी जायची घाई. रिकामी ट्रॉली खड्ड्यांवर उड्या मारते, मागून डोलते आणि पिन भरल्या ट्रॉलीपेक्षा लवकर सरकते. निघायच्या आधी क्लिप आहे ना ते पुन्हा बघा, फाळके लावा, दोर आणि ताडपत्री आत गुंडाळून बांधा.