येऊ घातलेला पातळ लॅपटॉप मुंबईच्या उकाड्यात किती तापेल, हे आधीच कसं ओळखावं

मागच्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला, "मामा, हा पुढच्या महिन्यात येतोय. घेऊ का?" सोबत लॅपटॉपचा फोटो. कडेनं दोनशे पानी वहीएवढा, वजन किलोच्या आसपास आणि प्रोसेसरच्या नावाला आकडे-अक्षरांची लांबलचक शेपटी. मी उलट विचारलं, "तुझ्या खोलीत एसी बसला का?" तिला वाटलं मामा विषय बदलतोय.

विषय तोच होता. ती आर्किटेक्चरला आहे. लालबागला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, डोक्यावर थेट गच्ची. तिचा लॅपटॉप रात्री तास-दीड तास रेंडर करत, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र बनवत बसतो. अशा माणसानं बाजारात न आलेल्या लॅपटॉपचा अंदाज प्रोसेसरच्या नावावरून बांधायला घेतला की फसलाच. ती पातळ बॉडी सतत किती वॉटची उष्णता बाहेर टाकू शकेल आणि ज्या खोलीत टाकणार ती मुळात किती गरम आहे, हे दोन प्रश्न आधी. दोन्हींची उत्तरं घरबसल्या बऱ्यापैकी काढता येतात.

नावाची शेपटी वाचा, पण तिच्यावर विसंबू नका

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी येणारं अक्षर ढोबळमानाने वॉट सांगतं. बाराव्या पिढीत हिशेब सरळ होता. यू म्हणजे १५ वॉट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. मग कोअर अल्ट्रा नावाचे नवे प्रोसेसर आले, पी हे अक्षर गेलं आणि त्याची जागा एचनं घेतली. बाराव्या पिढीतल्या आय७-१२७००एचची मूळ मर्यादा ४५ वॉट होती, कोअर अल्ट्रा ७ १५५एचची २८ आहे. पाटी तीच, दुकान वेगळं. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडेही तेच. रायझन ९ ७९४५एचएक्स हा ५५ वॉटचा जाडजूड गेमिंग लॅपटॉपचा माल, तर रायझन एआय ९ एचएक्स ३७० मुळात २८ वॉटचा आणि पातळ लॅपटॉपसाठीच. दोघांच्या नावात एचएक्स. दुकानदार मात्र "एचएक्स आहे साहेब, टॉपचा" एवढंच सांगतो.

त्यात प्रत्येक प्रोसेसरला दोन आकडे असतात. १५५एचची मूळ मर्यादा २८ वॉट आणि टर्बोची, म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगाची, कमाल मर्यादा ११५ वॉट. २८ हा महिन्याचा पगार समजा आणि ११५ ही दिवाळीची खरेदी. जाहिरातीतला वेग दिवाळीतला असतो. लॅपटॉपवर फाइल उघडताना, ब्राउझर सुरू करताना तो मिळतोही, पण काही सेकंदच. पातळ बॉडी तापली की गाडी पगारावर येते. एवढा फरक का पडतो? वेग वाढवायचा तर चिपला विद्युतदाबही जास्त द्यावा लागतो आणि खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज भरमसाट जाते, आणि त्या सगळ्या विजेची उष्णताच होते.

बरं, हा पगारसुद्धा चिप बनवणारी कंपनी एकटी ठरवत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या बॉडीप्रमाणे तो वरखाली करते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण नोव्हेंबर २०२०चं आहे. ॲपलनं एम१ ही एकच चिप मॅकबुक एअरमध्ये बसवली आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही. एअरला पंखा नाही, प्रोला आहे. छोट्या कामात दोघं खांद्याला खांदा लावून. काम लांबलं की एअर वेग कमी करून स्वतःला सांभाळायचा आणि प्रो दम धरायचा.

म्हणून येणाऱ्या मॉडेलमध्ये कुठला प्रोसेसर असेल यावर जागरणं करू नका. बॉडी कळली की प्रोसेसरचा वर्ग जवळपास कळतोच, कारण निवड बॉडी करते. १५ जानेवारी २००८ला स्टीव्ह जॉब्सनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर काढून दाखवला, त्याच्यासाठी इंटेलनं प्रोसेसरचं पॅकेज, म्हणजे चिपभोवतीचं आवरणच, मुद्दाम लहान करून दिलं होतं. तेव्हापासून पातळ लॅपटॉपची गोष्ट तीच आहे.

बॉडीवरून वॉट काढा

सगळ्यात आधी चार्जर बघा. त्याच्या वॉटची बातमी प्रोसेसरच्या बातमीपेक्षा खरी निघते. ६५ वॉटचा चार्जर असेल तर त्यातून स्क्रीन, मेमरी, स्टोरेज आणि बॅटरीचं चार्जिंग भागवायचं. प्रोसेसरला सतत मिळणारे वॉट मी चार्जरच्या निम्म्याच्या आसपास धरतो. ४५ वॉटचा चार्जर आणि जाहिरातीत "डेस्कटॉपसारखी ताकद" असं जिथं दिसेल तिथं हसून पुढे जावं.

मग वजन. हा शास्त्रीय नियम नाही, माझा ठोकताळा आहे. किलोच्या आत असेल तर सतत १५-१७ वॉट. सव्वा ते दीड किलो आणि दोन पंखे असतील तर २५-३०. सतत ४५ वॉट हवे असतील तर दीड किलोच्या वर जायची तयारी ठेवा. पंखाच नसेल तर दहाच्या आसपास. उष्णता वाहून न्यायला तांबं लागतं, उष्णता हवेत सोडणारे धातूचे पातळ पंख लागतात, हवेला वाट लागते. त्यातलं काहीच हवेत तरंगत नाही, वजनात येतं.

खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर जाळी किती लांब आहे आणि रबरी पाय किती उंच आहेत ते बघा. बहुतेक पातळ लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि बिजागरीपाशी सोडतात. पाय दोन मिलीमीटरचे असतील तर टेबलावरच त्याचा श्वास कोंडतो, गादीवर तर विचारायलाच नको.

आणि भावंड शोधा. सगळ्या अंदाजांत हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. कंपन्या एकच बॉडी दोन-तीन वर्षं चालवतात, आतला प्रोसेसर तेवढा बदलतात. नव्या मॉडेलची लांबी-रुंदी-जाडी आणि चार्जर मागच्या वर्षीच्याशी जुळत असेल, तर मागच्याच्या परीक्षणातला "सतत किती वॉट" हा आकडा जसाच्या तसा उचला. चिप नवी असली तरी बॉडीची उष्णता टाकायची ताकद जुनीच. त्याच वॉटमध्ये नवी चिप जास्त काम करेल, एवढाच फायदा.

आता खोलीचे अंश मिळवा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मुंबईकरानं नेमकी तीच गाळू नये.

पंखा लॅपटॉपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॉटला चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहते. समजा, परदेशातल्या परीक्षकानं २२ अंशांच्या खोलीत लॅपटॉप राबवला. २८ वॉटला चिप ९२ अंशांवर स्थिरावली. म्हणजे फरक ७० अंश, दर वॉटमागे अडीच. आता तोच लॅपटॉप मे महिन्यातल्या आपल्या ३३ अंशांच्या खोलीत आणा. चिपची मर्यादा ९५ धरली तर हाताशी उरतात ६२ अंश. ६२ भागिले अडीच, म्हणजे जेमतेम २५ वॉट. तीन वॉट उकाड्यानं खाल्ले. फार नाही.

पण चिपच्या आधी कातडं बोंबलतं. चिप शंभर अंश सहन करते, आपली बोटं नाहीत. म्हणून कंपन्या बॉडीच्या बाहेरच्या तापमानालाही मर्यादा घालतात आणि ती गाठली की वॉट कमी करतात. समजा, ही मर्यादा ४६ अंश आहे आणि परीक्षकाकडे २८ वॉटला कीबोर्डची वरची पट्टी ४२ होती, खोलीपेक्षा २० जास्त. आपल्या ३३च्या खोलीत हातात उरले फक्त १३ अंश. तेच प्रमाण लावलं तर १८ वॉट! घेतला २८चा, मिळाला १८चा. गच्चीखालच्या खोलीत ३६ असतील तर १४. माझ्या भाचीला एसीचं विचारलं ते यासाठी.

दमटपणाला मात्र उगाच शिव्या देऊ नका. घाम आपल्याला येतो, चिपला नाही. आर्द्रता वाढली म्हणून लॅपटॉप जास्त तापत नाही, आपली चिडचिड तेवढी वाढते.

हे गणित मला पैसे घालवून कळलं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा अगदी देखणा, पातळ लॅपटॉप घेतला होता. डिसेंबरात झकास चालला. मे महिन्यात बहिणीच्या मंगळागौरीचा जुना व्हिडिओ नीट करून एक्सपोर्टला लावला तर वीस मिनिटांचं काम तासावर गेलं. टास्क मॅनेजरमध्ये वेग १.१ गिगाहर्ट्झवर येऊन बसलेला आणि एफ-की वाल्या पट्टीला बोट लावलं की चटका. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "मशीन नॉर्मल आहे." तो खोटं बोलत नव्हता. त्याचं सर्व्हिस सेंटर थंडगार होतं.

फुटलेल्या आकड्यांचं काय करायचं

लॅपटॉप यायच्या आधी गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचे आकडे फुटतात आणि लोक त्यावर तुटून पडतात. ते प्रोसेसरचं नाव आणि मेमरी कळण्यापुरते वापरा. ही चाचणी छोट्या-छोट्या तुकड्यांची असते, मधे श्वास घ्यायला जागा असते. तिच्यात दिवाळीच दिसते. पगार बघायचा तर सिनेबेंचसारखी चाचणी लागते, जी दहा मिनिटं थांबू देत नाही. परीक्षण वाचतानाही पहिल्या फेरीचा गुण सोडून दहाव्या मिनिटाचा शोधा, आणि परीक्षकानं खोलीचं तापमान लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर बावीस धरा.

लॅमिंग्टन रोडवर हात लावून बघा

माल दुकानात आला की ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. पेनड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो या वॉट-तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती आणि सिनेबेंच न्या. सगळे दुकानदार लावू देतात असं नाही. दुपारी गर्दी नसताना, "आज घ्यायलाच आलोय" असं म्हटलं की बरेचदा देतात.

चाचणी सुरू केली की "सीपीयू पॅकेज पॉवर" ही ओळ बघत राहा. पहिल्या मिनिटाला ४०-५० दिसेल, त्यावर खूश होऊ नका. दहाव्या मिनिटाला जिथं स्थिरावेल तो तुमच्या लॅपटॉपचा खरा वॉट. तेव्हाच हाताची मागची बाजू कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर ठेवा, मग उलटून तळाला. दुकान एसीत २४ वर असतं, घरी आणखी आठ-दहा अंश येणार, हे डोक्यात ठेवून हात लावा. दुकानातच हात मागे घ्यावासा वाटला तर विषय संपला. चार्जर काढूनही एकदा बघा. काही लॅपटॉप बॅटरीवर गेले की वॉट एकदम टाकतात.

मग कुठला?

दिवसभर मेल, एक्सेल, ब्राउझर आणि मीटिंग असेल तर पातळ लॅपटॉप खुशाल घ्या, आणि त्यातही कमी वॉटचा. २०२४मध्ये आलेल्या इंटेलच्या व्ही मालिकेत २८८व्ही सोडला तर मूळ मर्यादा १७ वॉटच आहे. चर्चगेटपर्यंत उभ्यानं जाणाऱ्याच्या खांद्याला हलका लॅपटॉप काय असतो हे मी सांगायला नको. फक्त एक लक्षात ठेवा, या मालिकेत मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे. "आत्ता १६ घेऊ, नंतर लॅमिंग्टनला रॅम वाढवू" ही आपली जुनी सवय इथं चालत नाही. नावातला शेवटचा आकडा ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२. २५६व्ही आणि २५८व्ही यांच्यातला मुख्य फरक तेवढाच.

रेंडर, व्हिडिओ, कोड कंपाइल करणं रोजचं असेल आणि खोलीत एसी नसेल, तर किलोभराच्या लॅपटॉपमध्ये महाग प्रोसेसर घेणं मला शुद्ध उधळपट्टी वाटते. त्याच बॉडीतला एक पायरी स्वस्त प्रोसेसर दहाव्या मिनिटाला जवळपास तेवढंच काम करतो, कारण दोघांनाही तेच १८ वॉट मिळणार. उरलेल्या पैशात दीड किलोचा, दोन पंख्यांचा बघा.

घेऊन झाला असेल तर

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" दिसत असेल तर उन्हाळ्यात ते १००वरून ९९ करा. इंटेलच्या लॅपटॉपवर बहुधा त्यानं टर्बो बंद होतो, वेग थोडा उतरतो पण पंख्याचा आक्रोश थांबतो. ते दिसत नसेल तर सेटिंग्जमधला पॉवर मोड कमी विजेच्या पर्यायावर न्या. आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली काहीतरी ठेवून तळाशी हवा खेळू द्या. माझ्याकडे एकेका कोपऱ्याखाली कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या आहेत. कुलिंग पॅडवर हजार रुपये घालायच्या आधी हे करून बघा.

भाचीनं त्या लॅपटॉपच्या मागच्या वर्षीच्या भावंडाचं परीक्षण शोधलं. सतत १६ वॉट. थोड्या वेळानं मेसेज आला, "मामा, त्यापेक्षा एसी घेऊ का?" आईला विचार म्हटलं.